गिअरची मूठ

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट पुढे ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली गेली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या टॅक्सींतूनही तिने निरोप घेतला. ज्यांच्या दारी ती जुनी गाडी अजून उभी आहे, त्यांनी सुकाणूच्या चाकाखालील गिअरची दांडी पाहावी. तिच्या टोकाची मूठ झिजलेली, क्वचित तडकलेलीही असते. ती काढावयाची म्हणून आपण पक्कड उचलतो, आणि तेथेच घात होतो.

मूठ बहुधा आट्यांवर बसलेली असते. बारीक स्क्रू वा नट नाही ना, हे आधी पाहावे. सांध्यात तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर थांबावे. सकाळी गरम पाण्यात पिळलेले फडके मुठीभोवती गुंडाळावे. प्लॅस्टिक पोलादाहून अधिक प्रसरण पावते व पकड सैल होते. मग रबराच्या तुकड्यात धरून ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवावी.

थिनर मात्र लावू नये. पुष्कळशी प्लॅस्टिके त्याने विरघळतात. चीर इपॉक्सीने भरावी, बारीक पॉलिश पेपर ओला करून हलकेच फिरवावा. किती घासावे? वडिलांच्या तळव्याने पाडलेला खोलगटपणा मी तरी ठेवीन. बसवताना आट्यांना किंचित ग्रीस लावावे. पुढच्या पिढीला पक्कड शोधावी लागणार नाही.