ज्वाळा विझल्यानंतर

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ ह्या जहाजाला आग लागली. त्यात कापसाच्या गाठी होत्या, तशीच सुमारे १,४०० टन स्फोटकेही होती. दोन प्रचंड स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान प्राणांस मुकले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर पाळला जातो.

मृतांचे स्मरण होते. पण जे परत येतात, त्यांचे काय? आग विझते, बंब ठाण्यावर परततो. परंतु एखाद्याच्या मनात ती धुमसतच राहते. तेच दृश्य मध्यरात्री डोळ्यांपुढे उभे राहते, झोप उडते, भांडे पडले तरी अंग दचकते, घरच्यांशी बोलणे तुटते. आघातानंतरच्या ह्या मनोव्याधीला अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली स्वतंत्र नाव दिले. ती भित्रेपणाची खूण नव्हे. एका भयंकर प्रसंगाने ती जडते, तशी वर्षानुवर्षे पाहिलेल्या मृत्यूंनीही जडते. योग्य उपचारांनी ती पुष्कळदा आटोक्यात येते. मात्र त्यासाठी आधी बोलावे लागते.

भाजलेला हात दाखविताना जवान लाजत नाही. पोळलेले मन दाखवितानाही त्याला लाजावे लागू नये, ही जबाबदारी ठाण्याची आणि समाजाचीही आहे.