उद्याचं वचन

26 जुलै 2005. पनवेलात आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी चढलेलं. तळमजल्यावरची माणसं आमच्या जिन्यात येऊन बसली होती. आम्ही ‘अल्ला मालिक’ म्हणत होतो, तांदळाचा डबा मात्र कुलपात होता. आमच्यात म्हणतात, उंट आधी बांधावा, मग अल्लावर भरवसा ठेवावा. तीच माझी सबब.

शेजारच्या ख्रिस्ती सिस्टरनी होता तेवढा तांदूळ शिजवून जिन्यात वाढला. मी विचारलं, ‘‘उद्याचं काय?’’ म्हणाल्या, ‘‘भाई, उद्याचं वचन त्याचं. आजचा भात माझा.’’

रात्री पंडिता रमाबाई आठवल्या. 1883 साली त्या ख्रिस्ती झाल्या, त्यासाठी बोलणी खाल्ली. पण 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो निराधार मुली-बायका त्यांनी आणल्या, केडगावला मुक्ती सदन उभं केलं. नुसती प्रार्थना करून त्या बसल्या नाहीत. विहिरी खोदल्या, शेती केली, मुलींना छपाई शिकवली. साध्या बाईलाही वाचता यावं म्हणून मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणलं. वचनावरचा त्यांचा विश्वास असा हातांत दिसायचा.

माझा उंट बांधलेलाच होता. भरवसा तेवढा राहिला होता. सकाळी मी डबा सिस्टरच्या दारात नेऊन ठेवला. त्यांनी काही न बोलता स्टोव्ह पेटवला.