आपलें नांव



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, म्हणून घरांतलीच एक गोष्ट आपणांपुढें ठेवितों. माझे वडील ईस्ट इंडियन, आई मंगळूरची. पत्नीचे आईबाप बारदेशाहून गिरगांवांत आलेले. कन्येच्या लग्नांत वाद उपस्थित झाला. माझी आत्या म्हणाली, "उंबराचें पाणी आणल्यावांचून लग्न कसलें?" तिची मावशी म्हणाली, "रोस झालाच पाहिजे. मुलगी आमची आहे." कन्येनें हळूच विचारिलें, "पप्पा, मग मी कोण?" मला उत्तर सुचलें नाहीं.

तें शोधतांना इतिहास चाळला. १५३४ सालच्या तहानें मुंबई व वसईचा मुलूख पोर्तुगीजांच्या हातीं गेला. येथील कोळी, कुणबी, भंडारी इत्यादि अनेक घराण्यांनीं कॅथलिक धर्म स्वीकारिला. घरची बोली मराठीच राहिली. तरी जग त्यांस 'पोर्तुगीज' म्हणूं लागलें. पुढें पोटापाण्यासाठीं गोमंतकांतून आलेल्या बांधवांसही तेंच नांव पडलें. तेव्हां आपण वेगळे ओळखले जावें व नोकऱ्यांत मागें पडूं नये, म्हणून १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, येथल्या मूळ रहिवाशांनीं 'ईस्ट इंडियन' हें नांव घेतलें. राहणें पश्चिम किनाऱ्यावर आणि नांवांत पूर्व! म्हणजे हें नांव आकाशांतून पडलें नाहीं. एका पिढीनें तें गरजेपोटीं निवडिलें.

दादरचें चर्च पाहा. १५९६ सालीं स्थापन झालेलें हें मंदिर साल्व्हेशन मातेचें. पण लोकांच्या तोंडीं अजून 'पोर्तुगीज चर्च'च. त्याची सांप्रतची इमारत रचणारे चार्ल्स कोरिया कुळानें गोमंतकीय, जन्मानें सिकंदराबादचे. पाटीवरून आंतलें माणूस कळत नाहीं, हेंच खरें.

संत पौल जातीनें यहूदी, जन्मानें तार्ससचे आणि हक्कानें रोमचे नागरिक होते. हें सर्व त्यांनीं उघड सांगितलें. एकासाठीं दुसरें टाकिलें नाहीं.

मग नांवें पुसून टाकावींत काय? मुळींच नाहीं. मला भीति निराळीच वाटते. उंबराच्या पाण्याचीं गाणीं आमच्या घरांत आतां एकट्या आत्यालाच येतात. ती गेल्यावर 'ईस्ट इंडियन' हें नांव उरेल, गाणें उरणार नाहीं. नांवासाठीं भांडणारे आपण, नांवामागचें धन मुलांस देण्याची मात्र आळस करितों.

अखेर लग्नांत उंबराचें पाणीही आलें आणि रोसही झाला. मीं कन्येस सांगितलें, "बाळ, तूं अर्धी इकडची, अर्धी तिकडची नव्हेस, दोन्ही घरांची पुरी वारस आहेस." त्या संध्याकाळीं ती आत्याजवळ वही घेऊन बसली.

माझी विनंति एवढीच कीं, देवळाच्या दारांत नव्या माणसास "तुम्ही कोणांतले?" असें विचारण्यापूर्वीं त्याचें नांव विचारावें, आणि घरीं मुलांस दोन्ही आज्यांचे शब्द शिकवावेत.