शिवेपलीकडे नेलेले मूल

श्रोतेहो, वरूडहून पांढुर्ण्याला जायला कितीसा वेळ लागतो? संत्र्यांच्या गाड्या जातात, सोयरिकी तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या. मग नवरा-बायकोचे फाटले, की एखादे दिवशी मूलही तिकडे नेले जाते आणि इकडे ओट्यावर निकाल लागतो, “आता कोर्ट काय करते? लेकरू तं एमपीत गेलं!”

असे नाही बरे. १८९० चा पालक व पाल्य कायदा दोन्ही राज्यांत एकच आहे. मुलाच्या सांभाळाचा अर्ज, ते मूल सामान्यतः जिथे राहते, तिथल्या जिल्हा न्यायालयात करायचा. कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथे. बाप कुठला, माहेर कुठले, हा प्रश्न नव्हे. सहा वर्षे वरूडात वाढलेले मूल आठ दिवसांपूर्वी पलीकडे नेले, एवढ्याने अमरावतीचा अधिकार सहसा सुटत नाही.

पण “सामान्यतः राहते” हे ठरवायचे कशावरून? सर्वोच्च न्यायालयापुढे २०११ साली असाच वाद आला. मुलगा अमेरिकेत जन्मलेला. पण दिल्लीत आईपाशी राहून तिथल्या शाळेत जात होता. दिल्लीच्या न्यायालयाला अधिकार आहे, असे ठरले. म्हणून गुरुजींना माझे मुद्दाम सांगणे आहे : तुमचा हजेरीपट हा नुसता शाळेचा कागद नाही. तो नीट ठेवा, आणि कुणाच्या भिडेने मागची तारीख घालू नका.

न्यायालय मूल हजर करण्याचा हुकूम देऊ शकते. तो मोडला तर दंड शंभर रुपयांपर्यंत, पुढे रोजी दहा, एकूण पाचशे. आकडे जुने आहेत, हसू येते खरे. परंतु त्याच कलमात दिवाणी कैदही आहे, आणि ती मूल हजर करण्याची हमी देईपर्यंत! न्यायालयाने नेमलेल्या पालकालाही एरवी परवानगीवाचून मूल हद्दीबाहेर नेता येत नाही. मूल जाणते असेल तर त्याची इच्छाही न्यायाधीश विचारात घेऊ शकतात. मात्र निर्णय हिताचा.

आणि ज्याला सांभाळणारे कुणीच जवळ नाही, असे मूल बसस्थानकावर सापडले तर? १०९८ ला फोन करा. २०१५ च्या कायद्याप्रमाणे, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. मूल मुलताईचे निघाले, तर चौकशीनंतर ती त्याला त्याच्या जिल्ह्याच्या समितीकडे सोपवू शकते.