रसायनांची नोंद ठेवणारे कडे

हैदराबाद ही बांगड्यांची नगरी होय. चारमिनारच्या शेजारी लाड बाजारात लाखेच्या चुड्यांचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. परंतु मनगटात घालावयाचे एक अगदी साधे, नक्षी नसलेले कडे आता प्रयोगशाळेच्या उपयोगास आले आहे. ते सिलिकोन या रबरासारख्या पदार्थाचे असते. शोभा हा त्याचा हेतू नव्हे. ते घालणाऱ्याच्या सभोवार कोणती रसायने वावरतात, याची नोंद ठेवणे हे त्याचे काम.

अशा कड्याची गरज का भासावी? चौकात किंवा गच्चीवर बसविलेले यंत्र त्या जागेची हवा मोजते. माणूस मात्र एका जागी राहत नाही. तो चुलीजवळ बसतो, कारखान्यात राबतो, शेतात फवारणी करतो. हैदराबादलगतच्या 28 गावांत याची प्रचीती आली. बार्सिलोना येथील जागतिक आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या पाहणीत काही ग्रामस्थांच्या अंगावर सूक्ष्म धूलिकण मोजणारे यंत्र आणि छोटा कॅमेरा देण्यात आला. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून दिसले, की कोणाच्या वाट्यास किती धूर येतो, हे त्याच्या दिवसभराच्या उद्योगावर फार अवलंबून असते. स्त्रियांच्या बाबतीत सरपणावरचा स्वयंपाक हे त्याचे एक मोठे कारण होते. गाव एक, हवा एक. तरी प्रत्येकाचा वाटा वेगळा!

ती यंत्रे धूलिकण मोजणारी होती. वायुरूपाने पसरणाऱ्या रसायनांसाठी सिलिकोनच्या कड्याची युक्ती अमेरिकेतील ओरेगॉन राज्य विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी 2014 साली मांडली. तिचे तत्त्व गृहिणींना परिचित आहे. तुपाच्या उघड्या भांड्याशेजारी चिरलेला कांदा ठेवला, तर तुपास त्याचा वास लागतो. त्याचप्रमाणे हवेतील व त्वचेवरील अनेक सेंद्रिय रसायने सिलिकोनमध्ये हळूहळू मुरतात. त्यास ना पंप लागतो, ना वीज. प्रथम कडे स्वच्छ करून त्यातील मूळची रसायने काढून टाकतात. काही दिवस वापरल्यावर ते हवाबंद पिशवीत घालून प्रयोगशाळेकडे जाते. तेथे द्रावकाच्या साहाय्याने मुरलेली द्रव्ये बाहेर काढतात आणि यंत्राने एकेक वेगळे करून ओळखतात. त्या पहिल्या प्रयोगांतच कड्यांत 49 निरनिराळी रसायने सापडली. छपरांवर तापलेले डांबर घालणाऱ्या कामगारांनीही ती कडी वापरली होती. पुढे 2016 साली पश्चिम आफ्रिकेतील सेनेगलमध्ये 35 शेतकऱ्यांच्या कड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील कीटकनाशकांची यादी माणसागणिक बरीच वेगळी निघाली.

या साधनाच्या मर्यादाही ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. शिसे, पारा इत्यादी धातूंच्या मोजणीसाठी ते योजलेले नाही. अन्नपाण्यावाटे पोटात गेलेले विष त्यास कळत नाही. उष्णता आणि वारा यांनी मुरण्याचा वेग बदलतो. सभोवार काय होते हे ते सांगते. शरीरात किती शिरले आणि त्याने अपाय किती झाला, हे नव्हे. तेवढ्यासाठी वैद्यकीय तपासणीच हवी.

तरीही कष्टकऱ्यांच्या दृष्टीने याचे मोल थोडे नाही. तेलंगण हा कपाशीचा मुलूख. त्याच्या उत्तरेस, पैनगंगेपलीकडे, यवतमाळ जिल्हा लागतो. 2017 साली तेथे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. कोणी कोणते औषध फवारले, कशात काय मिसळले, अंगावर किती उडाले, याची विचारपूस अशा प्रसंगी माणसे गेल्यावर सुरू होते. हंगामाच्या आरंभीच काही फवारणी करणाऱ्यांच्या मनगटात अशी कडी असतील, तर कोणत्या कामात आणि कोणत्या औषधाचा धोका अधिक, याचा अंदाज आधी बांधता येईल. हीच गोष्ट हैदराबादभोवतालच्या औषधी कारखान्यांतील कामगारांस व कोळशाच्या आचेवर लाख मऊ करणाऱ्या कारागिरांस लागू पडते.

मात्र कडे विष अडवीत नाही. ते केवळ साक्ष देते. ती साक्ष शास्त्रज्ञांच्या कपाटात बंद राहिली, तर मजुराच्या हाती रबराच्या वळ्यापलीकडे काहीच पडणार नाही. ज्याच्या मनगटावरून ती मिळाली, त्यास ती त्याच्या भाषेत सांगितली पाहिजे. हातमोजे, मुखपट्टी, कमी घातक औषध आणि धूर बाहेर नेणारे धुराडे यांची तजवीजही तिच्या आधारे झाली पाहिजे. तेव्हाच या मोजणीचे सार्थक होईल.