यंत्रमानवांच्या फुटबॉलमधील गोलरक्षक

फुटबॉलच्या मैदानावर संघाच्या अकरा खेळाडूंपैकीं एकालाच खेळ चालू असतां चेंडूस हात लावण्याची मुभा असते. या एका सवलतीची मर्यादा ठरवितांना माणसांच्या खेळांतहि बराच काळ गेला. १९१२ पूर्वीं गोलरक्षकाला आपल्या बाजूच्या अर्ध्या मैदानांत कोठेंहि चेंडू हाताळतां येत असे. वेल्सचा गोलरक्षक ली रिचमंड रूज यानें या सवलतीचा इतका फायदा घेतला कीं, चेंडू जमिनीवर आपटीत तो थेट मध्यरेषेपर्यंत चालून येई. अखेर त्या वर्षीं हाताचा अधिकार पेनल्टी क्षेत्रापुरता उरला. पुढें १९९२ मध्यें, सहकाऱ्यानें मुद्दाम पायानें मागें दिलेला चेंडू हातीं धरण्यासहि बंदी झाली.

यंत्रमानवांच्या फुटबॉलमध्यें हाच प्रश्न निराळें रूप घेऊन उभा राहतो. रोबोकप या नांवाच्या स्पर्धा १९९७ सालीं जपानांतील नागोया येथें प्रथम भरल्या. दोन पायांच्या, मानवसदृश यंत्रांचा विभाग २००२ मध्यें फुकुओका येथें सुरू झाला. संयोजकांची आकांक्षा लहान नाहीं: २०५० पर्यंत यंत्रमानवांच्या संघानें माणसांच्या जगज्जेत्या संघाला माणसांच्याच नियमांनीं हरवावें! म्हणून जो नियम करावयाचा त्यानें आजचा सामना तर नीट चालला पाहिजेच, पण यंत्राला भलती खोडहि लागतां कामा नये.

गोलरक्षकाची ही खोड कोणती? माणसांची गोलचौकट ७.३२ मीटर रुंद, म्हणजे उंच्यापुऱ्या गोलरक्षकाच्या सुमारें चौपट असते. एका विभागांत अनेक वर्षें सर्व संघांनीं सारखाच वापरलेला नाओ हा यंत्रमानव सुमारें ५८ सेंटीमीटर उंचीचा. त्याच्यापुढची चौकट सुमारें दीड मीटरची, म्हणजे जेमतेम अडीच पट. हा बाळगोलरक्षक हात पसरून आडवा झाला कीं, जवळजवळ निम्मी वाट बुजली. त्यांतून या लहान खेळाडूंचे बहुतेक फटके जमिनीवरून घरंगळत येतात. मग उभें राहून चेंडूकडे पाहण्याचे कष्ट कशाला? पाय फाकून बसावें, नाहीं तर सरळ लोळावें! भिंतीला गोलरक्षण शिकवावें लागत नाहीं.

तरीहि झेपेलाच बंदी घालणें अन्यायाचें होईल. येणारा चेंडू ओळखणें, तो रेषा कोठें ओलांडील याचें गणित करणें आणि नेमक्या क्षणीं शरीर त्या बाजूस टाकणें, यांतच या यंत्राची खरी परीक्षा आहे. शिवाय झेपेची किंमत तें स्वतःच मोजतें. पडल्यावर उठेपर्यंत कांहीं सेकंद जातात आणि तेवढ्यांत परतलेला चेंडू प्रतिपक्षी सहज आंत ढकलूं शकतो. किंमत न मोजतां मिळणारा लाभ तेवढा तोडावा, हें न्याय्य. पडलेल्या खेळाडूनें वीस सेकंदांत उठून उभें राहावें, न राहिल्यास त्याला बाहेर काढावें, असा नियम मानवसदृश विभागांत करण्यांत आला, तो याच दिशेचा. मात्र वीस सेकंद हा अवधि गोलरक्षकाच्या बाबतींत फारच उदार वाटतो. फाकलेल्या पायांच्या बैठकीलाहि अशीच मुदत हवी, आणि ती थोड्या सेकंदांची हवी.

शरीराच्या घडणीपुरता हा प्रश्न पुष्कळसा सुटलेला आहे. पावलांचें क्षेत्रफळ व हातांची लांबी यांना उंचीच्या प्रमाणांत मर्यादा आहेत. लेसर किंवा ध्वनिलहरी सोडून अंतर मोजणारीं साधनें वर्ज्य. माणसाप्रमाणें डोळ्यांनींच, म्हणजे कॅमेऱ्यांनीं, पाहावयाचें. त्यामुळें फावड्यासारखे हात लावलेला गोलरक्षक मैदानावर येऊं शकत नाहीं.

अवघड भाग पुढेंच आहे. मोठ्या, माणसाएवढ्या यंत्रांच्या विभागांत पडणें म्हणजे दांतेरी चाकें आणि मोटारी मोडणें. तेथें यंत्रामागें त्याला सांवरण्यासाठीं माणूस चालत असे. झेपेला बक्षीस देणारा नियम अशा ठिकाणीं केला, तर ज्याच्यापाशीं सुट्या भागांची पेटी मोठी तोच संघ जिंकेल. गरीब विद्यापीठाचा संघ पहिल्याच सामन्यांत लंगडा होईल. तेव्हां लहान व मोठ्या यंत्रांना एकच नियम लावण्याचा हट्ट धरूं नये.

पंचाची अडचण आणखी वेगळी. खेळाडूनें झेप घेतली कीं त्याचा तोल गेला, हें माणसाच्या चेहऱ्यावरून थोडें तरी कळतें; यंत्राला चेहराच नाहीं. हेतु शोधावयास लावणारा नियम म्हणूनच येथें निरुपयोगी. घड्याळानें मोजतां येईल, रेषेवरून दिसेल, एवढ्यावरच निर्णय बेतला पाहिजे. खेळाडू किती वेळ खालीं होता? त्या वेळीं तो पेनल्टी क्षेत्राच्या आंत होता कीं बाहेर? उठण्याची हालचाल त्यानें सुरू केली होती काय? एवढें पंचानें पाहावें.

राहतां राहिला हाताचा अधिकार. बोटांनीं चेंडू घट्ट धरूं शकणारे हात या लहान खेळाडूंना क्वचितच असल्यामुळें तो बहुधा कागदावरच राहिला. ते हात येतील तेव्हां चेंडू किती सेकंद धरावा आणि कोठवर न्यावा, हा रूजच्या काळचा वाद पुन्हां पहिल्यापासून सुरू होईल.