पोपपीठ : राज्य, संपत्ती आणि शब्द

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रोमचे पोपपीठ ही आज जगात नांदत असलेल्या सर्वांत प्राचीन संस्थांपैकी एक आहे. साम्राज्ये आली आणि लयाला गेली. हे पीठ टिकले. अशा संस्थेकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्या चळवळीत रूढ आहेत. धर्म म्हणजे अफू, असे म्हणून विषय संपवावयाचा ही एक. परधर्माची बाब म्हणून सावध मौन पाळावयाचे ही दुसरी. दोन्ही सोयीच्या आहेत आणि दोन्ही निरुपयोगी आहेत. आज आपल्यापुढे असलेला प्रश्न श्रद्धेचा नसून सत्तेचा आहे, आणि सत्तेची मीमांसा करणे हे तर समाजवाद्यांचे नित्याचेच काम आहे.

मध्ययुगात पोप केवळ धर्मगुरू नव्हते, ते राजेही होते. मध्य इटलीतील मोठा मुलूख त्यांच्या ताब्यात होता. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेचे राज्य आपल्याला दान दिले, असे सांगणारे एक दानपत्र पोपपीठ पुढे करीत असे. ते बनावट असल्याचे 1440 मध्ये लोरेंझो व्हाल्ला या विद्वानाने निव्वळ भाषेच्या परीक्षणावरून दाखवून दिले. 1077 च्या जानेवारीत जर्मन राजा चौथा हेन्री कॅनोसाच्या किल्ल्याबाहेर बर्फात तीन दिवस क्षमायाचना करीत उभा राहिला, ही कथा पोपच्या सामर्थ्याचा दाखला म्हणून सांगितली जाते. परंतु सातच वर्षांनी त्याच हेन्रीने रोम घेतले आणि पोप सातवे ग्रेगरी 1085 मध्ये परागंदा अवस्थेत मरण पावले, हा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. राज्याच्या बळावर मिळवलेला विजय राज्याच्या बळावरच हिरावला जातो.

या राज्यसत्तेचा आपल्या भूमीशी थेट संबंध आला तो पोर्तुगिजांमुळे. पाचवे निकोलस यांनी 1455 मध्ये एका आज्ञापत्राने पोर्तुगालच्या राजाला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मुसलमान व अन्यधर्मीयांचे मुलूख जिंकण्यास आणि त्यांना कायमचे दास करण्यास मान्यता दिली. 1493 मध्ये सहावे अलेक्झांडर यांनी अटलांटिक महासागरावर रेघ ओढून पलीकडचे नवे प्रदेश स्पेनला बहाल केले. ज्यांचे देश वाटले गेले, त्यांना या वाटणीचा पत्ताही नव्हता. पाद्रुआदो या नावाने ओळखली जाणारी व्यवस्था याच काळात उभी राहिली : धर्मप्रसाराचा खर्च राजाने करावयाचा आणि मोबदल्यात बिशप नेमण्याचा अधिकारही राजाकडेच. 1510 मध्ये गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेल्यावर तेथे चर्च आले ते जणू राज्यकारभाराचे एक खाते म्हणूनच.

या व्यवस्थेचा अर्थ काय होता, हे दिवाडी बेटावरील मातेउस द कास्त्रो यांच्या चरित्रावरून कळते. ते ब्राह्मण कुळातील ख्रिस्ती. गोव्याच्या आर्चबिशपने त्यांना पाद्रीपदाची दीक्षा नाकारली. तेव्हा ते रोमला गेले. तेथे धर्मप्रसारासाठी 1622 मध्ये स्वतंत्र विभाग निघाला होता. त्याच्या पाठबळाने त्यांना दीक्षा मिळाली आणि 1637 मध्ये ते बिशपही झाले. परत आल्यावर गोव्यातील अधिकाऱ्यांनी त्यांची कागदपत्रे मान्य केली नाहीत. पोर्तुगीज हद्दीबाहेर, आदिलशाही मुलुखात, डिचोलीला त्यांना ठाण मांडावे लागले. पोपची मुद्रा असलेला एतद्देशीय बिशप ख्रिस्ती राजाच्या राज्यात अमान्य ठरला आणि मुसलमान सुलतानाच्या राज्यात त्याला आसरा मिळाला! आपणच राजाला देऊन टाकलेला अधिकार परत घेण्याची ताकद रोमजवळ उरली नव्हती. 1537 मध्ये तिसरे पॉल यांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांना गुलाम करू नये असे बजावले होते. परंतु त्यासाठी काढलेला शिक्षेचा हुकूम पुढच्याच वर्षी सम्राट पाचव्या चार्ल्सच्या दबावाखाली मागे घ्यावा लागला. सत्तेशी सौदा केलेल्याचा शब्द सत्तेपुढे चालत नाही, तो असा. त्या जुन्या आज्ञापत्रांतून उपजलेल्या ‘शोधाच्या सिद्धान्ता’चा व्हॅटिकनने अधिकृत अव्हेर केला तो 30 मार्च 2023 रोजी, म्हणजे साडेपाच शतकांनंतर.

1870 हे वर्ष विलक्षण ठरले. जुलैमध्ये धर्मपरिषदेने पोपच्या अस्खलनशीलतेचा, म्हणजे श्रद्धा व नीती यांविषयी त्यांनी पीठावरून दिलेला निर्णय चुकू शकत नाही असा, सिद्धान्त मान्य केला. सप्टेंबरमध्ये इटालियन सैन्याने रोम घेतले आणि पोपचे राज्य संपले. आश्चर्य असे की राज्य गेल्यानंतरच पोपचा शब्द जगभर ऐकू जाऊ लागला.

तेरावे लिओ यांचे 1891 चे कामगारविषयक परिपत्रक हे त्याचे उत्तम उदाहरण. त्यात समाजवादाचा स्पष्ट निषेध आहे आणि खाजगी मालमत्तेचे समर्थन आहे. परंतु मूठभर धनिकांनी श्रमिकांच्या मानेवर गुलामीसारखे जोखड ठेवले आहे, ही कबुलीही त्यात आहे. कामगाराला काटकसरीने जगता येईल एवढे वेतन मिळालेच पाहिजे आणि संघटना बांधणे हा त्याचा हक्क आहे, असेही प्रतिपादन आहे. हे शब्द आकाशातून पडले नाहीत. अमेरिकेतील ‘नाइट्स ऑफ लेबर’ या कामगार संघटनेचा रोमने निषेध करू नये, म्हणून 1887 मध्ये तेथील कार्डिनल गिबन्स यांना रदबदली करावी लागली होती. 1889 च्या लंडन गोदी संपात कार्डिनल मॅनिंग यांनी मध्यस्थी केली होती. कम्युनिस्ट जाहीरनाम्याला तेव्हा चार दशके उलटून गेली होती. कामगार चळवळीने दार ठोठावले, म्हणूनच ते उघडले.

परंतु संस्था धडे विसरतात. 1924 मध्ये मात्तेओत्ती यांच्या खुनानंतर मुसोलिनीला पायउतार करण्याची संधी होती. कॅथलिकांचा जनपक्ष आणि समाजवादी एकत्र येणे, हा त्याचा मार्ग. अकरावे पायस यांनी त्या युतीलाच विरोध केला. 1929 च्या करारान्वये मुसोलिनीकडून 44 हेक्टरांचे सार्वभौम व्हॅटिकन आणि 75 कोटी लिरा रोख व 100 कोटींचे रोखे मिळाले. 1933 मध्ये हिटलरच्या जर्मनीशीही करार झाला. 1937 मध्ये याच पोपनी नाझी विचाराचा कडक निषेध केला खरा, परंतु तोवर उशीर झाला होता.

सहावे पॉल 1964 च्या डिसेंबरात मुंबईस आले. शस्त्रांवरील खर्चाचा काही भाग काढून दरिद्री राष्ट्रांसाठी जागतिक निधी उभारावा, हे आवाहन त्यांनी येथूनच केले. 1967 च्या त्यांच्या परिपत्रकाने खाजगी मालमत्तेचा हक्क निरपवाद नाही असे म्हटले, तेव्हा ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने तो शिळा मार्क्सवाद ऊन करून वाढल्याची संभावना केली. भांडवलशाहीला शब्द कोठे झोंबतो, हे यावरून समजावे.

दुसरे जॉन पॉल यांच्या कारकिर्दीत तर हा अंतर्विरोध उघडाच पडला. पोलंडमध्ये 1980 साली उभ्या राहिलेल्या सॉलिडॅरिटी या स्वतंत्र कामगार संघटनेचे ते आधारस्तंभ होते. त्याच वर्षी साल्वादोरमध्ये गरिबांची बाजू घेणारे आर्चबिशप रोमेरो वेदीसमोर गोळीला बळी पडले. त्यांना संतपद मिळण्यास 2018 साल आणि पोप फ्रान्सिस यावे लागले. लॅटिन अमेरिकेतील मुक्तीच्या धर्मशास्त्रावर तर 1984 मध्ये रोमने ठपकाच ठेवला. पोलंडचा कामगार ज्या हक्कासाठी लढला, तोच हक्क साल्वादोरचा शेतमजूर मागत होता. रोमने दोघांना एकाच मापाने मोजले नाही. पण आपणही आत्मपरीक्षण केले पाहिजे. कामगारांचे म्हणविणाऱ्या राज्यात कामगाराला चर्चचा आडोसा का शोधावा लागला? जगातील किती समाजवाद्यांनी त्याची बाजू निःसंकोच घेतली?

2025 च्या मे महिन्यात निवडून आलेल्या पोपनी चौदावे लिओ हे नाव घेतले आणि 1891 च्या परिपत्रकाचे स्मरण हे त्याचे एक कारण सांगितले. यंत्रबुद्धीच्या युगात श्रमाच्या प्रतिष्ठेचे काय, हा त्यांचा प्रश्न आहे. तो आपलाही आहे. त्याचे स्वागत करावे. मात्र केवळ नाव बदलल्याने संस्था बदलते असे मानू नये. स्त्रियांना पाद्रीपदाचे दार आजही बंद आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. धर्मपीठाची परीक्षा त्याच्या उक्तीवरून नव्हे, तर तंटा उभा राहिला असता ते कोणाच्या शेजारी उभे राहते यावरून करावी. आणि ते कोठे उभे राहील, हे खालून येणाऱ्या रेट्यावर अवलंबून असते. वसईच्या वा गोव्याच्या ख्रिस्ती श्रमिकाची श्रद्धा मोडावयास आपण जाऊ नये. तिच्यासह त्याला संघटनेत आणावे.

दुसरी गोष्ट आपल्याविषयी. अस्खलनशीलतेचा ठराव करण्यासाठी धर्मपरिषदच भरवावी लागते असे नाही. पक्षांच्या कार्यकारिणीतही तो नकळत संमत होतो. जो पक्ष प्रश्न विचारणाऱ्याला बहिष्कृत करतो, त्याने रोमकडे बोट दाखविण्याचा अधिकार गमावलेला असतो.